जुन्या डीव्हीडीच्या दुकानात अ‍ॅक्शन सिनेमे आणि बॉक्स सेट निवडताना

प्रश्न थोडक्यात असा: मुक्काम न्यू जर्सी, घराजवळ जुन्या डीव्हीडी-ब्लू-रेचं दुकान, बजेट ६० डॉलर. घरी ५५ इंची टीव्ही आणि साधा ब्लू-रे प्लेअर. अ‍ॅक्शन सिनेमे आणि दोन-तीन बॉक्स सेट घ्यायचे आहेत, त्यातले काही पुण्याला आईवडिलांकडे न्यायचे आहेत. काय घ्यावं, काय सोडावं, आणि डिस्क धड आहे हे दुकानात उभ्या उभ्या कसं ओळखावं?

पहिली गोष्ट, सिनेमाचं नाव दिसलं की लगेच हात घालू नका. आवृत्ती बघा. एकाच सिनेमाच्या तीन-चार आवृत्त्या एकाच रॅकवर, एकाच किमतीच्या स्टिकरखाली पडलेल्या असतात. दुकानदार ढिगाने माल घेतो, डिस्कमागे वेगळी किंमत लावत बसायला त्याला वेळ नसतो. त्यामुळे दहा सेकंदं कव्हर उलटून वाचणाऱ्याला तेवढ्याच पैशांत दुप्पट चांगली वस्तू मिळते. अ‍ॅक्शन सिनेमात तर हा फरक जास्तच जाणवतो, कारण चित्राची चौकट कापली, आवाज बदलला किंवा मारामारी छाटली की मग उरतं काय?

कव्हरच्या मागच्या बाजूला खाली बारीक अक्षरांत एक चौकोन असतो. तिथे आधी 'फुल स्क्रीन' की 'वाइडस्क्रीन' ते बघा. २००० नंतरची काही वर्षं अमेरिकेत बऱ्याच सिनेमांच्या दोन्ही आवृत्त्या वेगवेगळ्या विकल्या जात आणि कव्हर जवळजवळ सारखंच असे. फरक फक्त वरच्या किंवा खालच्या एका पट्टीचा. फुल स्क्रीन म्हणजे जुन्या चौकोनी टीव्हीसाठी दोन्ही बाजूंनी कापलेलं चित्र. २००३ चा इंडियाना जोन्सचा चार डिस्कचा सेट असा दोन्ही प्रकारांत निघाला होता. दुकानात दोन्ही सापडतात, किंमत तीच. फुल स्क्रीनचा फुकट दिला तरी नको.

पण वाइडस्क्रीन असं छापलेलं पुरेसं नाही. त्याच्याजवळ '१६:९ टीव्हीसाठी सुधारित' किंवा 'अ‍ॅनामॉर्फिक' असं काही लिहिलंय का ते शोधा. सुरुवातीच्या म्हणजे १९९७ ते २००० या काळातल्या बऱ्याच डिस्कवर ते नसतं. अमेरिकन डीव्हीडीच्या चित्रात वरून खाली ४८० आडव्या ओळी असतात. रुंद पडद्याचा सिनेमा चौकोनी चौकटीत वरखाली काळे पट्टे टाकून भरला, तर खऱ्या चित्राला जेमतेम २७० ओळी मिळतात. अ‍ॅनामॉर्फिक पद्धतीने भरला तर साधारण ३६०. ५५ इंची टीव्हीवर पहिल्या प्रकारचं चित्र चारही बाजूंनी काळ्या चौकटीत, मधोमध लहानसं दिसतं. झूम करून मोठं केलं तर दातेरी कडा दिसायला लागतात. जेम्स कॅमेरॉनच्या 'ट्रू लाइज'ची १९९९ ची आणि 'द अ‍ॅबिस'ची २००० ची डीव्हीडी अशीच आहे. बरीच वर्षं दुसरा पर्याय नव्हता म्हणून लोक त्याच घेत होते. मार्च २०२४ मध्ये दोन्ही सिनेमे ब्लू-रे आणि ४के (ब्लू-रेहूनही बारीक तपशिलाच्या) डिस्कवर आले, त्यामुळे जुनी डीव्हीडी आता एक डॉलरच्या वर घेण्यात अर्थ नाही. (नव्या 'ट्रू लाइज'मध्ये चित्र संगणकाने इतकं घासूनपुसून काढलंय की चेहरे प्लास्टिकचे वाटतात अशी तक्रार आहे, आणि ती खोटी नाही. तरीही २७० ओळींपेक्षा ते बरंच.)

तिसरी नजर सबटायटलवर. 'इंग्लिश सबटायटल' आणि नुसतं 'सीसी', म्हणजे क्लोज्ड कॅप्शन, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सीसी जुन्या टीव्हीच्या सिग्नलमध्ये दडवलेलं असतं आणि एचडीएमआय केबलमधून ते सहसा पुढे जात नाही. बऱ्याच जुन्या अमेरिकन डिस्कवर फक्त सीसी असतं. घरी जाऊन प्लेअरला लावलं की अक्षरं काही येत नाहीत आणि माणूस उगाच रिमोट बडवत बसतो. पुण्याला न्यायच्या डिस्कसाठी तर हे नक्की बघा, कारण अमेरिकन उच्चारांचे भरभर संवाद आईवडिलांना सबटायटलशिवाय जड जातील.

डीव्हीडी आणि ब्लू-रे शेजारी शेजारी असतील आणि फरक दोन डॉलरच्या आत असेल तर ब्लू-रे घ्या, तिच्यावर चित्र जास्त स्पष्ट असतं. याला अपवाद आहेत आणि जुन्या दुकानात फिरण्यातली खरी गंमत त्या अपवादांतच आहे.

'डाय हार्ड' मालिकेतला चौथा सिनेमा, २००७ चा. चित्रपटगृहात तो पीजी-१३ (लहान मुलांनाही पालकांच्या सल्ल्याने बघता येईल असं प्रमाणपत्र) करण्यासाठी शिव्या आणि रक्त कमी करून आला. अमेरिकेतल्या ब्लू-रेवर तीच सौम्य आवृत्ती टाकली. 'अनरेटेड' कट, म्हणजे प्रमाणपत्रासाठी सौम्य न केलेली आवृत्ती, मात्र डीव्हीडीवर होता. नायक जॉन मॅक्लेनचा ठरलेला संवाद अर्धवट न कापता ऐकायचा असेल तर 'अनरेटेड' छापलेली डीव्हीडीच घ्या. मूळ १९८८ च्या 'डाय हार्ड'साठी २००१ ची दोन डिस्कची 'फाइव्ह स्टार' आवृत्ती चांगली.

'द वॉरियर्स' (१९७९). २००५ च्या डीव्हीडीवर दिग्दर्शकाने दृश्यांच्या मधे कॉमिकसारखी चित्रं घातली आहेत. त्याने सिनेमाचा वेग तुटतो. आधीची, २००१ ची साधी, फारशा जोडसामग्रीशिवायची (मुलाखती, पडद्यामागचं चित्रण वगैरे नसलेली) डिस्क मिळाली तर ती घ्या. मूळ सिनेमा तिथे जसाच्या तसा आहे.

'पेबॅक' (१९९९) दोन वेगळे सिनेमे आहेत म्हटलं तरी चालेल. चित्रपटगृहात आलेला एक, आणि 'स्ट्रेट अप' या नावाने २००७ मध्ये डीव्हीडीवर आलेला दिग्दर्शकाचा कट. शेवट वेगळा, संगीत वेगळं, खलनायकाची रचनाही वेगळी. दोन्ही एकेका डॉलरला मिळाले तर दोन्ही घ्या, एका शनिवारची सोय होईल. 'किंगडम ऑफ हेवन'च्या बाबतीत मात्र दोन्ही घेण्याची गरज नाही. चित्रपटगृहातल्या आवृत्तीपेक्षा ४५ मिनिटांहून अधिक लांब असलेला 'डायरेक्टर्स कट', चार डिस्कचा, तेवढाच घ्यायचा. दोन डिस्कवाला त्याच रॅकवर असतो. तो तिथेच राहू दे.

नव्यापेक्षा जुनी डिस्क बरी, याचं 'टर्मिनेटर २' हे ठळक उदाहरण. २००० ची 'अल्टिमेट एडिशन', चकचकीत धातूच्या आवरणातली. २०१७ च्या ४के आवृत्तीत चित्रातले कण काढता काढता कातडीचा पोतच गेला, चेहरे मेणाचे दिसतात. जुन्या अल्टिमेट डिस्कवर जोडसामग्रीचा मोठा साठा आहे आणि एक दडवलेली लांब आवृत्तीही आहे: मेनूत स्पेशल एडिशनवर जाऊन रिमोटने ८, २, ९, ९, ७ हे आकडे दाबायचे. सिनेमातल्या सर्वनाशाची तारीख, २९ ऑगस्ट १९९७. पण पहिल्या खेपेची ही डिस्क दोन्ही बाजूंनी, दोन-दोन थरांची आहे. तो प्रकार मुळातच नाजूक. दुकानात लावून बघायची सोय असेल तरच घ्या. का, ते पुढे येतंच.

हाँगकाँगचे सिनेमे घेताना तर नावावरही विश्वास ठेवू नका. ब्रूस लीचा 'द बिग बॉस' (१९७१) अमेरिकेत 'फिस्ट्स ऑफ फ्युरी' म्हणून लागला आणि खरा 'फिस्ट ऑफ फ्युरी' (१९७२) 'द चायनीज कनेक्शन' म्हणून. 'वे ऑफ द ड्रॅगन'चं 'रिटर्न ऑफ द ड्रॅगन' झालं. जुन्या डिस्कवर हीच अमेरिकन नावं आहेत, नव्यांवर मूळ नावं, त्यामुळे एकच सिनेमा दोनदा घेऊन दुसरा राहूनच जातो. कलाकारांची यादी किंवा साल बघा. ब्रूस लीने पूर्ण केलेले प्रमुख भूमिकेतले कुंग-फू सिनेमे चारच: हे तीन आणि 'एंटर द ड्रॅगन' (१९७३). पाचवा 'गेम ऑफ डेथ' त्याच्या मृत्यूनंतर जोडकाम करून १९७८ मध्ये काढला. बाकी कव्हरवर मोठ्या अक्षरांत 'ब्रूस' आणि आत ब्रूस ली नव्हे तर 'ब्रूस ले' किंवा असंच मिळतंजुळतं नाव घेतलेला कुणी नकली, असल्या डिस्क शेकड्याने सापडतात. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा. 'मार्शल आर्ट्सचे ५० सिनेमे, दहा डॉलरमध्ये' असे खोके दिसतात त्यांत बहुतांशी हाच माल असतो: दोन्ही बाजूंनी भरलेल्या डिस्क, एका बाजूला दोन-दोन सिनेमे, व्हिडिओ कॅसेटवरून उतरवलेलं धूसर चित्र, बाजू कापलेल्या. ज्याला नकली ब्रूस लींचाच छंद आहे त्याने जरूर घ्यावा, इतरांनी नाही.

जॅकी चॅनच्या नव्वदच्या दशकातल्या सिनेमांच्या अमेरिकन आवृत्त्या डब केलेल्या आणि कापलेल्या आहेत. 'रंबल इन द ब्राँक्स'मधून बराच भाग काढला आहे. 'ड्रंकन मास्टर २' (१९९४) इथे २००० साली 'द लेजंड ऑफ ड्रंकन मास्टर' म्हणून आला. त्या डीव्हीडीवर फक्त इंग्रजी डबिंग आहे आणि अगदी शेवटचा छोटा प्रसंग काढलेला आहे. तरीही ही डिस्क दोन डॉलरला मिळाली तर घ्याच. कारखान्यातली शेवटची मारामारी शाबूत आहे, आणि तिथे तसंही कोणी फार बोलत नाही. 'पोलिस स्टोरी' आणि त्याचा दुसरा भाग मात्र क्रायटेरियन या निवडक सिनेमे निगुतीने काढणाऱ्या अमेरिकन कंपनीच्या २०१९ च्या ब्लू-रेवर एकत्र मिळतात. जुन्या दुकानात तो सेट क्वचित येतो. आला तर १५ डॉलरपर्यंत द्यायला हरकत नाही.

हाँगकाँगचा दिग्दर्शक जॉन वू याचे 'द किलर' (१९८९) आणि 'हार्ड बॉइल्ड' (१९९२) क्रायटेरियनने १९९८ मध्ये डीव्हीडीवर काढले आणि पुढे ते छापणं बंद झालं. तेव्हापासून त्यांना संग्राहकांची किंमत लागते. काही दुकानदारांना हे ठाऊक असतं, म्हणून काउंटरमागच्या काचेच्या कपाटात त्या डिस्क चाळीस-पन्नास डॉलरला दिसतात. त्या नादी लागू नका. ड्रॅगन डायनॅस्टी या आशियाई अ‍ॅक्शन सिनेमे अमेरिकेत काढणाऱ्या छापाची २००७ ची दोन डिस्कची 'हार्ड बॉइल्ड' बघायला पुरेशी आहे. शिवाय २०२५ मध्ये गोल्डन प्रिन्सेस या हाँगकाँगच्या कंपनीच्या सिनेमांचे हक्क शाउट या अमेरिकन कंपनीने घेतले आणि हे दोन्ही त्यांत येतात, म्हणजे जुन्या डिस्कची किंमत इथून उतरणीलाच लागणार. ड्रॅगन डायनॅस्टीचा लोगो लक्षात ठेवा, कव्हरवर दिसला की थांबून बघायचं. थाई नट टोनी जाच्या 'द प्रोटेक्टर'च्या त्यांच्या दोन डिस्कच्या सेटवर कापलेली अमेरिकन आवृत्ती आणि लांब मूळ थाई आवृत्ती दोन्ही आहेत. हॉटेलच्या गोल जिन्यावरून वर चढत जाणारा, कुठेही न तोडता घेतलेला तो सलग शॉट ज्याने बघितला नाही त्याने आधी हा घ्यावा आणि बाकीचं नंतर ठरवावं.

'द रेड' (२०११) या इंडोनेशियन सिनेमाच्या अमेरिकन आवृत्तीला माइक शिनोडा आणि जोसेफ ट्रापानीज यांचं संगीत आहे, मूळचं वेगळं होतं. इथे मिळेल ती शिनोडाची. ती वाईट नाही, माझ्या मते जास्तच चपखल आहे.

आता बॉक्स सेट. पहिला नियम मोजण्याचा. मागच्या कव्हरवर डिस्क किती लिहिल्यात ते वाचा आणि सेट उघडून एकेक डिस्क मोजा. नुसती संख्या नको, डिस्कवर छापलेला क्रमांकही बघा. तिसरी डिस्क दोनदा आणि चौथी गायब, किंवा दुसऱ्या सीझनची डिस्क चुकून यात, हे फार वेळा होतं. '२४' सारख्या मालिकेत तर एक डिस्क नसली की सेट बाद. एका सीझनचे २४ भाग, एका डिस्कवर साधारण चार, आणि प्रत्येक भाग आधीच्याला चिकटलेला. यातले पहिले पाच सीझन घ्या, त्यातही चौथा आणि पाचवा. पाचव्याला २००६ मध्ये सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेचा एमी हा अमेरिकन टीव्ही पुरस्कार मिळाला होता. सहाव्यापासून लेखकांची दमछाक दिसते. सुटे सीझन तीन-चार डॉलरला पडतात. संपूर्ण मालिकेच्या खोक्यासाठी जास्त पैसे घालू नका.

बॉण्डचे सेट घेताना २००६ ची 'अल्टिमेट एडिशन' शोधा. चित्र नव्याने स्वच्छ केलेलं, प्रत्येक सिनेमा दोन डिस्कवर. अमेरिकेत हे वीस सिनेमे चार खोक्यांत विकले, पण सिनेमांचा क्रम लावलेला नाही. प्रत्येक खोक्यात चांगले-वाईट मिसळून टाकले आहेत, म्हणजे गिऱ्हाइकाला चारही घ्यावेत असं वाटावं. एकच घ्यायचा असेल तर तिसरा खंड: 'फ्रॉम रशिया विथ लव्ह', 'ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस', 'लिव्ह अँड लेट डाय', 'फॉर युअर आइज ओन्ली' आणि 'गोल्डनआय'. बाकी तिन्ही खंडांत इतके सरस पाच एकत्र नाहीत. दहा डिस्क मोजून घ्यायच्या, बारा डॉलरच्या वर द्यायचे नाहीत.

जपानी तलवारबाजी आवडत असेल तर क्रायटेरियनचा 'झाटोइची' सेट, २०१३ चा. पंचवीस सिनेमे, २७ डिस्क: नऊ ब्लू-रे आणि तेच सिनेमे पुन्हा अठरा डीव्हीडींवर. कोणी ब्लू-रे काढून घेऊन फक्त डीव्हीडी दुकानात दिलेल्या असू शकतात, म्हणून मोजताना निळ्या लोगोच्या नऊ वेगळ्या मोजा. तुमच्या बजेटमध्ये तो बसणार नाही, पण कधी पन्नासच्या आत दिसला तर बाकी सगळं ठेवून तोच उचला.

अ‍ॅक्शनमध्ये नाही पण त्याच रॅकवर असतो म्हणून सांगतो: 'बॅक टू द फ्युचर'चा २००२ चा वाइडस्क्रीन सेट. दुसऱ्या आणि तिसऱ्या भागात काही दृश्यांची चौकट चुकीची कापली गेली होती. कंपनीने नंतर बदलून दिलेल्या डिस्कवर कडेच्या बारीक मजकुरात 'व्ही२' छापलेलं आहे. ते दिसलं तर घ्या.

दोन्ही बाजूंनी भरलेल्या डिस्कचा विषय वर अर्धवट सोडला होता. डीव्हीडी म्हणजे ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या. साध्या डिस्कमध्ये एका बाजूने एक किंवा दोन थर वाचायचे असतात. दोन्ही बाजूंना दोन-दोन थर भरले की चार थर होतात, क्षमता १७ जीबीच्या आसपास जाते, आणि कारखान्यात हे नीट जमणं कठीण होतं. वर छापायला जागा नाही, मधल्या कड्यावर बारीक अक्षरांत फक्त 'बाजू अ', 'बाजू ब'. दोन्ही बाजूंना बोटं लागतात, दोन्हीकडे ओरखडे पडतात. खर्च वाचवायला काही स्टुडिओंनी टीव्ही मालिकांसाठी हा प्रकार वापरला. 'मायामी व्हाइस'चा २००५ चा पहिला सीझन असाच तीन दुतर्फा डिस्कवर आहे. भाग मधेच गोठतो आणि पुसूनही फरक पडत नाही, कारण दोष वरच्या पृष्ठभागावर नसतो. अशा मालिकांच्या नंतर निघालेल्या एकतर्फी आवृत्त्या शोधा. वॉर्नर या स्टुडिओच्या 'चार सिनेमे एकत्र' वाल्या स्वस्त पाकिटांतही दुतर्फा डिस्क असतात. तिथे थर कमी म्हणून दगाफटका कमी, पण तपासायच्या दोन्ही बाजू.

वॉर्नरचंच आणखी एक. २००६ ते २००८ या काळात तयार झालेल्या त्यांच्या काही डीव्हीडी आतून खराब होत चालल्या आहेत. २०२५ मध्ये कंपनीने हे जाहीरपणे मान्य केलं. बाहेरून डिस्क आरशासारखी स्वच्छ, आणि सिनेमा मध्यावर येऊन अडकतो, किंवा डिस्क ओळखलीच जात नाही. ओरखडे बघून हे कळत नाही. कव्हरवर वॉर्नर आणि छपाईचं साल त्या तीन वर्षांतलं असेल तर लावून बघितल्याशिवाय घेऊ नका, मग तो डर्टी हॅरीचा २००८ चा देखणा खोका का असेना.

आता डिस्क हातात घेऊन कशी बघायची. कडा आणि मधलं भोक धरून उचला, दुकानातल्या ट्यूबलाइटखाली तिरकी करा आणि हळू फिरवा. केंद्राकडून कडेकडे जाणारा सरळ ओरखडा फारसा त्रास देत नाही; लेझर त्याला आडवा ओलांडतो आणि गेलेला तुकडा प्लेअर हिशोबाने भरून काढतो. गोलाकार, म्हणजे खाचेच्या दिशेने गेलेला ओरखडा वाईट, कारण लेझर त्याच्यावरूनच चालत राहतो आणि भरून काढायला काही उरत नाही. नखाला लागतो का बघा. लागला तर ठेवून द्या.

ओरखडा कुठे आहे त्यावरून सिनेमा कुठे अडकेल हेही सांगता येतं. डीव्हीडी आतून बाहेर वाचली जाते. दोन थरांच्या डिस्कमध्ये पहिला थर कडेपर्यंत वाचून झाला की लेझर दुसऱ्या थरावर जातो आणि कडेकडून पुन्हा आत येतो. म्हणजे सिनेमाची सुरुवात आणि शेवट दोन्ही भोकाजवळ, आणि मध्यंतर बाहेरच्या कडेला. बोटांचे ठसे आणि मार कडेलाच जास्त बसतो, म्हणून जुन्या डिस्क हमखास मध्यावर गोठतात. दुकानात लावून बघायची सोय असेल तर सुरुवातीची जाहिरात बघत वेळ घालवू नका. प्रकरणांच्या यादीतून थेट मधल्या प्रकरणावर जा आणि पुढे दहा मिनिटं वेगाने सरकवा. थर बदलताना क्षणभर चित्र थबकणं स्वाभाविक आहे. चौकोन फुटणं किंवा आवाज तुटणं नाही.

मधल्या भोकाभोवतीच्या पारदर्शक कड्यात केसासारखी तडा आहे का बघा. घट्ट खिट्टीतून डिस्क ओढून काढल्याने ती पडते, आणि एकदा पडली की वाढत जाते. वेगाने फिरताना डिस्क फुटू शकते. अशी डिस्क फुकटही नको, प्लेअर जाईल.

नुसती धूळ आणि तेलकट ठसे असतील तर घाबरायचं कारण नाही. कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब, मऊ सुती किंवा मायक्रोफायबर कापड, आणि पुसायचं केंद्राकडून बाहेर सरळ रेषेत. गोल फिरवून कधीच नाही. टूथपेस्टचा उपाय सोडून द्या, तिच्यातली खर नवे ओरखडे पाडते. काही दुकानांत घासून गुळगुळीत करायचं यंत्र असतं. डीव्हीडीवर ते चालतं, कारण माहितीचा थर ०.६ मिलिमीटर खोल असतो. ब्लू-रेवर तो फक्त ०.१ मिलिमीटर खोल, वर कडक लेप. तिथे घासकाम म्हणजे हात धुऊन बसणं. यंत्रातून काढलेली डीव्हीडी ओळखू येते: सगळीकडे एकसारखी बारीक, गोल, इंद्रधनुषी झाक. ती वाईट नाही, पण तिला आधी बराच मार बसला होता एवढं समजा.

वाचनालयातून काढलेल्या डिस्कच्या कड्यावर गोल स्टिकर असतात. ते एका बाजूला सरकले असतील तर डिस्क थरथरते आणि घरघर आवाज येतो. भाड्याच्या दुकानांसाठी काढलेल्या डिस्कवर 'रेंटल' असं लिहिलेलं असतं. २०१० च्या आसपासच्या अशा प्रतींतून जोडसामग्री गाळलेली असते. लाल रंगाचं पातळ कव्हर आणि वर 'एचडी डीव्हीडी' दिसलं तर ठेवून द्या. तोशिबाने फेब्रुवारी २००८ मध्ये तो प्रकार बंद केला, तुमच्या प्लेअरवर चालणार नाही. आणि खालची बाजू जांभळट दिसली तर ती भाजलेली, म्हणजे कारखान्यात न छापता घरी किंवा मागणीनुसार कोऱ्या डिस्कवर उतरवलेली. बहुधा चोरटी, पण सगळीकडे नाही: 'वॉर्नर आर्काइव्ह' ने २००९ पासून अधिकृत डिस्कही अशाच काढल्या होत्या. चोरट्या सेटमध्ये मागच्या मजकुरात स्पेलिंगच्या ढोबळ चुका सापडतात आणि मधल्या कड्यावर 'आयएफपीआय' अक्षरांचा बारीक क्रमांक नसतो. डिजिटल कॉपीच्या कोडसाठी एक सेंटही जास्त देऊ नका, आधीच्या मालकाने तो वापरलेला असतो किंवा मुदत संपलेली असते.

साठ डॉलर मी असे वाटेन: बॉण्डचा तिसरा खंड बारापर्यंत, '२४'चे दोन सीझन आठला, बोर्न मालिकेतले पहिले तीन (२००२, २००४, २००७) ब्लू-रेवर नऊपर्यंत, 'द प्रोटेक्टर' आणि 'हार्ड बॉइल्ड' मिळून दहा, 'डाय हार्ड'चे दोन पाचला, 'रोनिन' (१९९८) आणि 'हीट' (१९९५) मिळून पाच. उरलेले अकरा मोकळे ठेवा, कारण यादीत नसलेलं काहीतरी ढिगात सापडतंच. पावती मागून घ्या, बदलून देण्याची मुदत विचारा आणि त्या मुदतीत प्रत्येक डिस्कचा मधला भाग घरी लावून बघा. दुकानं बहुधा पैसे परत देत नाहीत, पण दुसरी डिस्क देतात.

पुण्याचं वेगळं बघावं लागेल. डीव्हीडीसाठी जगाचे विभाग (रीजन) पाडलेले आहेत: अमेरिकन डीव्हीडी रीजन १, भारत रीजन ५. पुण्यातल्या प्लेअरवर कंपनीने घातलेलं कुलूप असेल तर डिस्क लागणार नाही. साधे स्वस्त प्लेअर मात्र बरेचदा सगळे रीजन घेतात, म्हणून नेण्याआधी घरच्यांना एखादी अमेरिकन डिस्क लावून बघायला सांगा. भारतात टीव्ही पाल या चित्रपद्धतीचे, पण तिकडचे प्लेअर आणि टीव्ही एनटीएससी ही अमेरिकन पद्धत सहसा चालवतात. उलटी वाट अवघड, ब्रिटनहून आणलेली पाल डिस्क बऱ्याच अमेरिकन प्लेअरवर अडते. संगणकाच्या ड्राइव्हवर रीजन पाचच वेळा बदलता येतो, पाचव्यानंतर तो तिथेच कायमचा बसतो. ब्लू-रेचे विभाग वेगळे आहेत: अमेरिका 'ए', भारत 'सी'. पण वॉर्नर, पॅरामाउंट आणि युनिव्हर्सलच्या बऱ्याचशा ब्लू-रेवर कुलूपच नसतं, त्या पुण्यात चालतील; बोर्न त्यातलेच. क्रायटेरियन 'ए'ला बांधलेल्या असतात, फॉक्सच्या बऱ्याच जुन्याही. ४के डिस्कना रीजन नसतोच.

न्यू जर्सीत एडिसनच्या बाजूला हिंदी सिनेमांच्या जुन्या डीव्हीडी ढिगाने निघतात. त्या बहुतेक 'ऑल रीजन' असतात, म्हणजे दोन्हीकडे चालतील. मात्र एका डिस्कवर दोन-तीन सिनेमे कोंबलेल्या घेऊ नका, धावपळीच्या दृश्यांत चित्राचे चौकोन पडतात. नेताना डिस्क कव्हरमधून काढून कापडी पाकिटांच्या पिशवीत भरल्या तर वजन वाचतं, पण खोक्यातले कागद आणि क्रमांक सोबत ठेवा. ती पिशवी हातातल्या बॅगेत ठेवा, कारण वरून सामान पडलं की सगळ्यात आधी तडकते ती भोकाभोवतीची कडी.